आईच्या हातातलं एक नंबरचं बटण

आमच्या माजघरातल्या ॲम्प्लिफायरला पाठीमागं पाच भोकांची गोल सॉकेटं आहेत. डिन सॉकेट म्हणतात त्यांना. अण्णांनी तो १९८३ साली घेतला, तेव्हा मी दहावीत होते. चॅनेलला पंधरा वॅट, दोन बाजूंना कमरेएवढे स्पीकर, पुढं जाडजूड नॉब आणि चालू करताना ‘टक्क’ आवाज देणारा खटका. मिरजेच्या आमच्या जुन्या घरात रविवारी सकाळी तो खटका वाजला की आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर यायची आणि उंबऱ्यावर टेकायची. कॅसेट अण्णा लावायचे. गाण्यातलं कळायचं ते आईला.

अण्णा गेले, पुढं डेकचा पट्टा तुटला आणि तो खटका बंदच झाला. आई आता एक्याऐंशीची आहे. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होते. दिवसभर घरी राहायला लागल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं, की आई गाणं ऐकते ती माझा फोन कानाशी धरून. विलंबित ख्याल, आणि तो फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर. समोर चाळीस वर्षं जपलेले स्पीकर चादरीखाली झाकलेले. ते बघून मला राहवेना.

गेले तीन-चार महिने ओळखीचे लोक, जुने विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, स्ट्रीमर कुठला घेतला?’ स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरचं गाणं आणून ॲम्प्लिफायरला देणारा छोटा डबा. नुसतं नाव सांगून त्यांचं भागत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

सुरुवात मी चुकीच्या वस्तूपासून केली. हजार रुपयांच्या आत मिळणारा एक ब्लूटूथ रिसीव्हर आणला आणि ॲम्प्लिफायरला जोडला. गाणं वाजायला लागलं, आईचा चेहरा खुलला, मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत घरातलं गाणं तुटलं. फोन माझ्या पिशवीत, म्हणजे गाणंही माझ्या पिशवीत. फोन आला की अर्ध्या तानेत रिंगटोन, व्हॉट्सॲपवर कुणी सुप्रभात पाठवलं की मधेच ‘टुंग’. महिन्याभरात त्या रिसीव्हरनं मानही टाकली.

ब्लूटूथ आणि स्ट्रीमर यांतला फरक तेव्हा मला अनुभवानं कळला. ब्लूटूथमध्ये गाणं फोन वाजवतो आणि आवाज हवेतून पलीकडे ढकलतो. स्ट्रीमरला फोन फक्त सांगतो, की अमुक राग, अमुक गायक, लाव. मग तो डबा स्वतः वायफायवरून ते गाणं थेट आणतो. स्पॉटिफायच्या ‘कनेक्ट’ सोयीत हेच होतं. फोन बंद करा, बाजारात घेऊन जा, गाणं चालू राहतं. माझ्यासारख्या घरात, जिथं ऐकणारी एक आणि फोनवाली दुसरी, तिथं हा एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

दुसरा फरक कानाला कळतो, आणि मिरजेत तर कळायलाच हवा. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे, तिथं तंबोरे होतात. लहानपणी शाळेतून येताना मी तिथल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून जव्हारी लावताना बघत बसायची. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीकसा तुकडा असतो. कारागीर तो केसाच्या अंतरानं पुढं-मागं सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो. आणि एका जागी तार एकदम फुलते. मूळ स्वर तोच, पण त्याच्या वर एक झळाळी उभी राहते. ही झळाळी म्हणजे वरचे बारीक उपस्वर, आणि आवाज दाबून लहान करताना पहिला घाव यांच्यावरच बसतो.

सीडीच्या आवाजाचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा असतो. साध्या ब्लूटूथमध्ये एसबीसी नावाची पद्धत असते, ती जास्तीत जास्त ३२८ किलोबिटपर्यंत जाते. स्पॉटिफायचा वरचा साधा दर्जाही ३२०चाच आहे, मग फरक काय, असं मलाही वाटलं होतं. फरक असा, की आधीच दाबून आलेला आवाज फोन उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा एकदा दाबतो. इस्त्री केलेल्या कपड्याची घडी मोडून परत घाईघाईनं बोचक्यात कोंबावी तसं. त्या रिसीव्हरवर तंबोरा चाळणीतून वाळू पडावी तसा ऐकू यायचा. आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, “तंबोरा असा का गं लागलाय? जव्हारी उतरलीय काय?” तिला बिटरेट वगैरे काही ठाऊक नाही, पण तिनं दोष अचूक सांगितला.

मग मी रीतसर शोध सुरू केला. न्यू जर्सीत असणारा भाचा दिवाळीला येणार होता, त्यामुळे तिथल्या किमती त्यानंच कळवल्या. वीम कंपनीचा सगळ्यांत लहान ‘मिनी’ बाजारात आला तो ९९ डॉलरला, ‘प्रो’ १४९, ‘प्रो प्लस’ २१९ आणि पडदा असलेला ‘अल्ट्रा’ ३२९ डॉलरला. ब्लूसाउंडचा ‘नोड’ आणि केंब्रिज ऑडिओचा ‘एमएक्सएन१०’ त्याच्याही वरचे. शिवाय रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर एखादं ध्वनीचं कार्ड बसवून स्वतः स्ट्रीमर तयार करायचा एक रस्ता होताच. शिक्षकी पेशातल्या माणसाला तो फार खुणावतो. मी तो सोडला, कारण मी चार दिवस पुण्याला गेले आणि काही अडलं तर आईनं कुणाकडं बघायचं?

मिनी मनातून लवकर उतरला, त्याचं कारण आमच्या भिंती. घर जुनं, दगड-विटांचं, माजघराच्या भिंती दोन-दोन फुटांच्या. राउटर पुढच्या खोलीत. ५ गिगाहर्ट्झची लहर त्या भिंतीपाशीच दम तोडते. २.४ची पलीकडे पोचते, पण शेजारपाजारच्या सगळ्यांच्या वायफायची तिथं गर्दी. मिनीला लॅनची, म्हणजे थेट राउटरपासून येणारी, वायर लावायची सोयच नाही, प्रोला आहे. मी बारा मीटरची कॅट-सिक्स केबल आणली, दाराच्या चौकटीवरून खिळ्यांच्या क्लिपा मारत माजघरात नेली आणि प्रोला जोडली. घेतला बिनतारी म्हणून आणि जोडला तारेनं, असं भाचा म्हणाला. म्हणू दे. त्या दिवसापासून एकदाही गाणं अडखळलेलं नाही. ज्यांच्या घरात नवी, पातळ भिंतींची बांधणी आहे त्यांना याची गरज पडणार नाही. पण जुन्या वाड्यात राहत असाल तर मागं लॅनचं भोक आहे की नाही, हे सगळ्यांत आधी बघा.

प्रो की प्रो प्लस, यावर मी नको तितका वेळ घालवला. प्लसमध्ये एकेएम कंपनीची वरच्या दर्जाची डॅक चिप आहे. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग. त्याच्या चाचण्यांचे आलेख मी रात्री जागून वाचले, आणि खरं सांगायचं तर मोजमापात फरक आहे. पण आमचे स्पीकर चाळीस वर्षांचे, खोलीत फरशी नि कपाटं, आणि बाहेर रिक्षा. त्यात तो फरक उरतो असं मला वाटत नाही. सांगलीला एका परिचितांकडे प्लस आहे. त्यांच्याकडे एक दुपार जाऊन तीच ध्वनिमुद्रिका ऐकली, आणि परत येऊन प्रोवर ऐकली. डोळे मिटून मला कुठला कुठला ते सांगता आलं नसतं. ब्लूटूथ आणि स्ट्रीमर मात्र मी झोपेतही ओळखेन. वाचलेल्या पैशांतून रिमोट घेतला, तो प्लसबरोबर येतो, प्रोला वेगळा घ्यावा लागला. घरी सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर त्या रिमोटचा.

वस्तू मी इथंच घेतली, अमेरिकेतून मागवली नाही. हा डबा पाच व्होल्टवर, फोनच्या चार्जरसारख्या यूएसबी-सी वायरीवर चालतो, त्यामुळे तिथल्या-इथल्या विजेची अडचण नव्हती. पण बिघडला तर न्यू जर्सीला पाठवणार कोण?

सेवांबद्दल थोडक्यात. परदेशी लेख वाचाल तर प्रत्येकात टायडल आणि कोबझचं कौतुक असतं. या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, त्यामुळे स्ट्रीमर त्यांच्याशी किती छान जुळतो याला आपल्या लेखी अर्थ नाही. आपण बघायचं ते स्पॉटिफाय, ॲपल म्यूझिक, यूट्यूब म्यूझिक कसं चालतं ते. ॲपल म्यूझिक २०२१पासून जास्तीचे पैसे न घेता सीडीच्या दर्जाचा आवाज देतं. यूट्यूब म्यूझिकसाठी गूगल कास्ट, म्हणजे फोनवरून डब्याला गाणं लावायला सांगायची गूगलची सोय, हवं. ते प्रोमध्ये आहे, मिनीत नाही. आणि आपल्या शास्त्रीय गाण्याचा केवढा तरी खजिना आज यूट्यूबवर पडून आहे, तेव्हा हे मला महत्त्वाचं वाटलं. ३२० किलोबिटच्या गाण्याला तासाला साधारण १४४ एमबी लागतात. घरी फायबर असेल तर त्याचा विचारही करायला नको.

आता कॅसेटी. अण्णांच्या बासष्ट कॅसेटी आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. त्यांतल्या निम्म्या विकतच्या, निम्म्या त्यांनी स्वतः भरलेल्या. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथं अण्णा मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन रात्र-रात्र बसायचे, शेजारी आई. या कॅसेटींतलं गाणं जगातल्या कुठल्याच सेवेवर नाही. निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा मी त्या संगणकात उतरवण्यात घालवला. एका मित्राच्या चालत्या डेकवर एकेक बाजू लावायची आणि पंचेचाळीस मिनिटं तिथंच बसायचं, कारण टेप कधी गुंडाळेल नेम नाही. सगळं फ्लॅक स्वरूपात ठेवलं, म्हणजे लहान होतं पण आतलं काही जात नाही. बासष्ट कॅसेटी मिळून एका पेनड्राइव्हवर आरामात मावल्या.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वीम प्रोच्या यूएसबीतून फक्त वीज जाते, त्याला पेनड्राइव्ह लावता येत नाही. अल्ट्राला, नोडला, एमएक्सएन१०ला लावता येतो. ज्यांच्याकडे स्वतःचा साठा आहे आणि संगणकाची खटपट नको आहे त्यांनी त्यांतला एखादा घ्यावा. मला खटपट चालणार होती. ज्या रास्पबेरी पायवर स्ट्रीमर करायचा नाही असं ठरवलं होतं, तोच मी राउटरशेजारी ठेवला, त्याला पेनड्राइव्ह लावला आणि त्यावर लिरियन म्यूझिक सर्व्हर हा साठ्यातलं गाणं स्ट्रीमरला पुरवणारा प्रोग्राम बसवला. तो बंद पडला तर कॅसेटी थांबतील, बाकी गाणं चालू राहील.

लिरियन निवडण्यामागं कारण आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीनं स्क्वीझबॉक्स नावाचा स्ट्रीमर काढला होता, आजच्या या सगळ्या डब्यांचा तो थोरला भाऊ. २००६ साली लॉजिटेकनं ती कंपनी घेतली आणि २०१२मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केला. पण त्याचा सर्व्हर मुक्त स्रोताचा होता, म्हणून हौशी लोकांनी तो जगवला. आज लिरियन नावानं चालतो तो तोच. याच्या उलट गोष्ट गूगलच्या क्रोमकास्ट ऑडिओची. २०१५ साली ३५ डॉलरला आलेला तो गोल चकतीसारखा तुकडा लोकांनी डोक्यावर घेतला. २०१९मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि मार्च २०२५मध्ये त्याच्या आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, तसे जगभरचे ते तुकडे एका दिवसात गप्प झाले. पुढं दुरुस्ती आली, पण काही दिवस घरोघरी शांतता होती. ॲम्प्लिफायर चाळीस वर्षं चालतो तसा स्ट्रीमर चालणार नाही, हे मी धरूनच चालले आहे. म्हणून आवाजाचा सगळा खर्च ॲम्प्लिफायर-स्पीकरांवर असावा आणि स्ट्रीमर बदलता येईल इतपत किमतीचा असावा, असं माझं मत आहे. आणि स्वतःचं गाणं स्वतःच्या फायलींत असावं.

जोडणीचा दिवस मात्र लक्षात राहणारा होता. स्ट्रीमरला मागं लाल-पांढरी आरसीए सॉकेटं, आणि आमच्याकडे पाच भोकांचं डिन. लक्ष्मी मार्केटजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका अजून बसतात. मी ॲम्प्लिफायरचा फोटो दाखवला, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हा अजून चालतोय? मग वायर मीच करून देतो, बाजारातली घेऊ नका.” टेपच्या सॉकेटात आवाज आत जातो तो तीन आणि पाच नंबरच्या पिनेतून, दोन नंबर अर्थिंगची, एक आणि चार रेकॉर्डिंगसाठी. पिनांचे नंबर मात्र ओळीनं नसतात, एक, चार, दोन, पाच, तीन असे येतात. काकांनी भिंगाखाली धरून मला ते दाखवले, बारीक टोकाच्या सोल्डरगनीनं प्रत्येक पिनेवर मोत्याएवढा थेंब सोडला आणि प्रत्येक वायरीवर वेगळी नळी चढवली. पैसे सांगितले ते इतके कमी की मी वाद घातला.

घरी आणून लावली, खटका दाबला, आणि नॉब जरासा हलवला तर स्पीकर ओरडलेच. आई दचकून म्हणाली, “अगं, बंद कर ते!” थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. आजच्या यंत्रांतून दोन व्होल्टपर्यंतचा आवाज बाहेर येतो, आणि या जुन्या टेपच्या सॉकेटाला २०० मिलिव्होल्टच्या आसपास पुरतो. दहापट! स्ट्रीमरच्या ॲपमध्ये ही पातळी खाली आणायची सोय आहे. तिथं ती सगळ्यांत खालच्या पायरीवर नेली, आणि नॉब पुन्हा अण्णांच्या वेळी असायचा तिथं, मध्याच्या जरा अलीकडे, येऊन बसला. जुन्या ॲम्प्लिफायरला स्ट्रीमर जोडून ‘आवाज कर्कश येतो’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा तपासावं. बऱ्याचदा दोष स्ट्रीमरचाही नसतो आणि ॲम्प्लिफायरचाही नसतो.

रिमोटवर चार आकड्यांची बटणं आहेत. एकावर आकाशवाणी सांगली, दोनवर आकाशवाणीची रागम वाहिनी, तीनवर आईच्या आवडीच्या भूप, यमन, मारवा, जौनपुरीची मी केलेली यादी, चारवर अभंग. रिमोट ब्लूटूथवर चालत असल्यानं डब्याकडे रोखून धरावा लागत नाही. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी एकच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला. तो बोटाला लागतो, आणि तिथून बाकीची तिला अंदाजानं सापडतात. सकाळी ती स्वतः उठून ॲम्प्लिफायरचा खटका दाबते, खुर्चीत बसते आणि ठिपका चाचपते. मला हाक मारत नाही.

आधी तिच्या ट्रान्झिस्टरचा काटा वर्षानुवर्षं १२५१ किलोहर्ट्झवर असायचा. पण घरात एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर आल्यापासून मध्यम लहरींवर नुसती खरखर असते. आता सांगली केंद्र स्वच्छ लागतं. एवढंच, की बातम्यांच्या आधीच्या टिकटिकीवर घड्याळ लावायची तिची सवय मोडावी लागली. इंटरनेटवरून आलेला आवाज मागं असतो. मी ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून मोजलं, आमच्याकडे चाळीस सेकंदांचा फरक निघाला. तिला हे पटवायला दोन दिवस लागले. मग म्हणाली, “म्हणजे गाणं ताजं नाही, जरा निवून येतं.”

कॅसेटी संध्याकाळी मी लावते, त्या फोनवरूनच लावाव्या लागतात. दोन फायलींच्या मधे क्षणाचाही खंड पडू नये ही माझी स्ट्रीमर निवडतानाची अट होती, कारण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्यांच्या मधोमध अर्धा सेकंद शांतता आली तरी माणूस सभेतून उठून गल्लीत आल्यासारखा होतो. लिरियन आणि वीमची जोडी हे बिनचूक करते. मी मोठ्या हौसेनं प्रत्येक कॅसेटची ए आणि बी बाजू अशी लावली, की ख्याल सलग चालू राहावा.

पहिल्या संध्याकाळी दर्ग्यातल्या सभेची कॅसेट लावली. पंचेचाळीस मिनिटं होत आली आणि आईनं पाय खाली सोडले, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि अर्धवट उठलेली तशीच थांबली. बी बाजू सुरू झाली होती. मधला कॅसेट उलटायचा वेळ गेला कुठं, ते तिला कळेना. अण्णा कॅसेट उलटायचे तेवढ्यात ती आत जाऊन आमटीला उकळी आली का बघून यायची, आणि त्या मिनिटभरात ए बाजूला काय झालं ते दोघं बोलायचे. हे तिनंच मला सांगितलं, गाणं चालू असतानाच, आणि पुढची दहा मिनिटं तिचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं.

“मधे जरा थांबायला ठेव की,” ती म्हणाली.

मी संगणकावर बसून एका मिनिटाच्या शांततेची फाईल तयार केली आणि बासष्टच्या बासष्ट कॅसेटींत ए आणि बीच्या मधे घातली. काल संध्याकाळी ए बाजू संपली, खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला, आणि आई म्हणाली, “मघाशी तो गंधार दोनदा चुकला, ऐकलास? दुसऱ्यांदा मुद्दाम चुकला. हेही तेव्हा हेच म्हणाले होते.” मी आमटी बघायला आत गेले.